माझ्या दारातला नेपच्यून

माझ्या दुकानाच्या दारात नेपच्यून उभा राहणार आहे, हे सांगायला बाई आल्या तेव्हा मी एका गृहस्थांची पँट कमरेत सैल करत होते. गृहस्थ पोट आत ओढून समोरच उभे होते आणि पँट धुण्यात आटली असं मला पटवत होते. या रस्त्यावर सगळ्यांच्याच पँटी धुण्यात आटतात. मी वाद घालत नाही. उसवते, कापड सोडते, टीप मारते.

"कोण उभा राहणार?" मी विचारलं.

"नेपच्यून. ग्रह आहे, मावशी. म्हणजे वर्गातलं एक मूल उभं राहील. हातात वाटाणा घेऊन."

गृहस्थांनी हसू दाबलं आणि त्या नादात पोट सुटलं, त्यामुळे मला खरं माप मिळालं.

बाई पलीकडच्या शाळेत तिसरीला शिकवतात. अंगानं काडी, बोलणं भरधाव आणि बाहीला कायम खडूची पूड. त्यांची तक्रार पुस्तकाबद्दल होती. "चित्रात सगळे ग्रह लग्नाच्या फोटोतल्या नातेवाइकांसारखे खांद्याला खांदा लावून उभे असतात," त्या म्हणाल्या. "मुलांना वाटतं, खिडकीतून हात बाहेर काढला की शनी. मला त्यांना अंतर दाखवायचंय. पायी चालवून."

बेत असा होता. शाळेच्या फाटकाला एक फुटबॉल टांगायचा, तो सूर्य. त्या मापानं आपली पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा, शाळेच्या भिंतीच्या कोपऱ्याशी. गुरू म्हणजे मोठी गोटी, छापखान्यासमोर. शनी त्याहून जरा लहान गोटी, बँकेच्या पायरीशी. युरेनस वाटाण्याएवढा, औषधांच्या दुकानाजवळ. आणि नेपच्यून, तोही वाटाणाच, रस्त्याचं वळण घेऊन थेट माझ्या दारात. एकेक ग्रह एकेका मुलाच्या हातात. बाकीचा वर्ग बाईंबरोबर सूर्यापासून निघणार, प्रत्येक ग्रहाशी थांबून ऐकणार, शेवटी माझ्याकडे पोचणार आणि परत जाताना ग्रह गोळा करत नेणार.

"फाटकापासून इथवर सातशे मीटर," बाई म्हणाल्या.

"कशावरून?" माझ्या धंद्यात मापाच्या बाबतीत कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो.

"दोरीनं मोजलंय. रविवारी. दोरीचं दुसरं टोक माझ्या मुलीनं धरलं होतं."

मग ठीक. त्यांनी माझाच मार्किंगचा खडू मागून घेतला आणि उंबऱ्याबाहेर फरशीवर एक फुली मारली. "या फुलीवर उभं राहील ते मूल. जरा लक्ष ठेवाल ना?"

"लक्ष ठेवीन," मी म्हणाले. "पण उठणार नाही."

हे मी सगळ्यांना आधीच सांगून टाकते. माझा उजवा गुडघा कामातून गेलाय. सकाळी दुकान उघडून मी मशीनवर बसते ती दुपारी बंद करतानाच उठते. गिऱ्हाईकानं कपडा हातात आणून द्यायचा, हातातून घेऊन जायचा. एकदा नगरपालिकेचे कोणी मोठे साहेब आले होते, त्यांच्यासाठीही उठले नाही. भिंतीवरचं घड्याळसुद्धा मी माझ्या डोक्यामागे इतकं खाली लावून घेतलंय, की सेल बदलायला स्टुलावर चढावं लागू नये. आल्यागेल्याला ते उंबऱ्याबाहेरूनही दिसतं. पुष्कळजण नुसते वेळ बघायलाच डोकावतात.

ठरल्या दिवशी सकाळी शाळेचा शिपाई लांबचे ग्रह पोचवत पोचवत माझ्याकडे आला, एका मुलीला फुलीवर उभी केली आणि "हा शेवटचा" असं म्हणून गेला.

मी माणसं चेहऱ्यानं कमी ओळखते, शिवणीनं जास्त. त्या फ्रॉकची दुमड माझी होती. शाळा सुरू व्हायच्या वेळी बाईच घेऊन आल्या होत्या तो फ्रॉक. "दोन मापं मोठा घेतलाय, मावशी. खालून भरपूर दुमडा, दोन वर्षं निघाली पाहिजेत." चांगली चार बोटं दुमड घातली होती मी. तेव्हा ही बाईंचीच पोर. दोरीचं दुसरं टोक.

"आत ये. ऊन लागेल," मी म्हणाले.

"नको. मी फुलीवरच थांबायचंय."

"अगं, तुझी आई काही म्हणणार नाही."

"बाई," ती म्हणाली.

"काय?"

"शाळेत त्या बाई आहेत. आई शाळा सुटल्यावर." हे तिनं इतक्या सरळ सांगितलं, जसं कोणी दुकानाची वेळ सांगावी. "मीसुद्धा शाळेत फक्त विद्यार्थिनी आहे."

मला हसू आलं. मग नाही आलं. मी हातातल्या कोटाची चेन उसवायला घेतली. जुनी चेन काढून नवी लावायची होती. कोटाचं अस्तर असलं की हे काम वेळ खातं, कारण आधी अस्तर सोडवायचं, मग चेन, मग पुन्हा सगळं जिथल्या तिथं. माझी मशीन दाराशीच आहे, त्यामुळे मी आत आणि ती बाहेर असलो तरी आमच्यात फक्त उंबरा होता.

"दाखव बघू तुझा ग्रह," मी म्हणाले.

तिनं मूठ उघडली. वाटाणा घामानं ओला झाला होता.

"हा कोणालाच नको होता," ती म्हणाली. "सगळ्यांना पृथ्वी हवी होती. मग शनी, कडी आहे म्हणून. मंगळासाठी दोघांची मारामारी झाली, आणि मंगळ म्हणजे नुसता रव्याचा कण आहे. मग बाईंनी विचारलं, नेपच्यून कोणाला हवाय? कोणीच हात वर केला नाही. मग त्या म्हणाल्या, बरं, तू घे."

"तुला कोणता हवा होता?"

"शुक्र." ती जराशी घुटमळली. "शुक्र मला आधीपासून माहितीये. आईनं गच्चीवरून दाखवला. आई घरी रोज काही ना काही दाखवते. व्याधाचा तारा, मृगाचे तीन तारे, तांबडा मंगळ. चांदणी लुकलुकते आणि ग्रह लुकलुकत नाही, हे मला पहिलीपासून येतं. पण वर्गात बाईंनी विचारलं तर मी हात वर नाही करायचा."

"का गं?"

"लोकांना वाटेल घरून पढवून आणलंय."

मी चेनवरून मान वर केली नाही. बाईंचं मला कळत होतं. स्वतःचं मूल स्वतःच्या वर्गात असलं की इतर पालक डोळ्यांत तेल घालून बघत बसतात. हिला गुण जास्त दिले का, हिला पुढं बसवलं का. बोलणारे माझ्या दुकानात येऊनही बोलतात, तोंडात टाचण्या असल्या की मी काही उत्तर देत नाही एवढंच. तेव्हा कळत होतं. तरी मला त्या बाईचा राग आलाच. शेवटी उरलेला वाटाणा बरोबर आपल्याच पोरीच्या हातावर ठेवायचा म्हणजे काय?

"काय करतो तुझा नेपच्यून?" मी विचारलं.

तिनं पाय जुळवले, हात मागे घेतले आणि बाईंच्याच चालीत सुरू केलं. नेपच्यून सूर्यापासून सगळ्यांत लांबचा ग्रह आहे. तिथे फार थंडी असते. त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला एकशे पासष्ट वर्षं लागतात.

"मग तुला तशी घाई नाही," मी म्हणाले.

हे तिला आवडलं. हसली तेव्हा दिसलं, समोरचा एक दात अर्धाच आलेला होता.

"आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही," ती म्हणाली. "बाकीचे दिसतात. युरेनस पण दिसतो, फार काळोख असेल आणि डोळे फार चांगले असतील तर. नेपच्यून नाहीच दिसत."

"मग आहे हे कळलं कसं?"

"युरेनसमुळे! युरेनस नीट चालेना. तो जिथं असायला पाहिजे तिथं नसायचा, थोडासा इकडेतिकडे व्हायचा. मग हुशार लोकांनी गणित केलं, की याच्या पलीकडे कोणीतरी असणार, ते याला ओढतंय. आणि गणितानं सांगितलं तिकडं दुर्बीण लावली, तर होता." एका दमात बोलून तिनं श्वास घेतला. "आमच्या वर्गातला ढब्बू युरेनस झालाय. तो वळणाच्या पलीकडे आहे, म्हणून मला दिसत नाही."

"आणि चांदण्या कुठे ठेवल्यात या रस्त्यावर?"

"त्या नाही बसत," ती म्हणाली. "सगळ्यांत जवळचा तारासुद्धा या मापानं दुसऱ्या देशात जातो. समुद्र ओलांडून. मी विचारलं होतं. घरी."

अशा गप्पा चालल्या होत्या. मध्येच ती माझ्या डोक्यावरून घड्याळ बघत होती. घड्याळ कळतं का म्हणून विचारलं तर तिला जरा अपमान वाटला. वर्ग शनीपाशी आला असेल, आता युरेनसपाशी असेल, असा तिचा अंदाज चालला होता. ऊन फुलीवर आलं. मी शटरला टेकवून ठेवलेला काठ्यांचा पडदा तिलाच ओढून घ्यायला सांगितला. तो ओढतानाही तिचा एक पाय फुलीवर होता.

मग पँटवाले गृहस्थ आले, औषधांच्या दुकानाच्या बाजूनं. "मावशी, आता ही फार सैल झाली," ते म्हणाले.

"पोट आत घेऊ नका, बसेल," मी म्हणाले. "तिकडे पोरं दिसली का? शाळेची? बाई आहेत बरोबर."

"ती होय? ती गेली की परत. एकाचं नाक फुटलं औषधवाल्यासमोर, घोळणा. पांढरा शर्ट लाल! बाईंनी त्याला उचललाच, बाकीची पोरं रडारड करत मागे. वरात गेली शाळेत. झाला बराच वेळ." आणि ते पट्टा आवळत निघून गेले.

मी मुलीकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"येतील," ती म्हणाली. "आधी त्याचं रक्त थांबवतील. डोकं पुढं करून नाकपुडी दाबायची असते."

"हो. येतील."

कोटाची जुनी चेन निघाली होती. मी नवी लावायच्या आधी टाचण्या मारून घेतल्या. कोणीच येईना. रस्ता रिकामाच होता. वळणावरून सायकल आली की ती मान वर करायची आणि सायकल गेली की खाली. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी फोन उचलला. शाळेचा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, त्यांचे गणवेश माझ्याकडेच येतात.

शिपायानं घेतला. मागे नुसता गोंधळ.

"तिसरीची पोरं आली का सगळी आत?" मी विचारलं.

"आली ना. फाटकात बाईंनी स्वतः मोजली. तीस. का हो?"

उंबऱ्याबाहेर त्याचा आवाज जात होता. माझा फोन जुना आहे, तो सगळ्या गल्लीला ऐकू जातो.

"बरोबर आहे," पोरगी म्हणाली. "बाई तीसच मोजतात."

"तीसच म्हणजे?" मी फोनवर हात धरला. "वर्गात किती आहात?"

"एकतीस. पण मला मोजायचं नसतं. मी असतेच ना. सहलीला गेलो की त्या तीस मोजतात आणि मी त्यांच्या मागे उभी असते."

तिनं हेही तसंच सांगितलं, वेळ सांगावी तसं. पण वाटाण्याची मूठ आता घट्ट होती.

"हॅलो? हॅलो, मावशी?" शिपाई ओरडत होता.

"नका सांगू," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? त्यांना माहीतच नाही तू इथं आहेस ते!"

"माहीत आहे. त्यांनीच उभं केलंय. त्या येतील." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्ही सांगितलं तर त्या येणारच ना. मग मला कळणार नाही."

"काय कळणार नाही?"

"की त्यांना आठवलं असतं का."

शहाण्या माणसानं तिथल्या तिथं शिपायाला सांगून टाकलं असतं. मी "काही नाही रे, एका गणवेशाचं विचारायचं होतं" असं म्हणून फोन ठेवला. कोणाला काय वाटायचं ते वाटो. पोर माझ्या नजरेसमोर होती, सावलीत होती, तिला धोका कसलाच नव्हता. तिला जे हवं होतं ते मात्र फोनवरून मिळण्यासारखं नव्हतं.

"हे बघ," मी म्हणाले, "ही चेन लागेपर्यंत थांबते. चेन लागली, अस्तर शिवून झालं, की मी फोन करणार. मग तू माझं ऐकायचं."

"चालेल," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "सावकाश लावा."

मी आयुष्यात गिऱ्हाईकाला कधी सावकाश काम करून दिलेलं नाही. त्या दिवशी दिलं. एक टीप सरळ बसली होती ती उसवून पुन्हा घातली. बॉबिनमध्ये भरपूर दोरा असताना बॉबिन बदलली. पोरगी पाणी प्यायली, बाटलीचं झाकण लावलं, फुलीवर परत सरळ उभी राहिली. मी मनातल्या मनात त्या बाईला अशा काही शिव्या घालत होते, की तोंडात टाचण्या होत्या हेच बरं. तीस लोकांची पोरं काळजीनं मोजता, रक्त पुसता, आणि जिनं रविवारभर उन्हात तुमची दोरी धरली ती कुठे आहे हे तुम्हाला कळत नाही? आणि एकीकडे असंही वाटत होतं, ये गं बाई. लवकर ये. मी चेन किती वेळ लावू?

"आजी," ती म्हणाली.

"मावशी म्हण."

"मावशी, नेपच्यून सापडला नव्हता तेव्हापण तो होताच ना?"

"होताच की. न सापडून जाईल कुठं?"

तिनं मान हलवली. पण हे उत्तर तिला पुरलं नाही, ते दिसत होतं. मलाही पुरलं नव्हतं.

अस्तराची शेवटची टीप झाली. मी दोरा तोडला. कोट झटकला, घडी घातली, बाजूला ठेवला. आता करायला काही उरलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे न बघता फोनचे आकडे दाबले. पलीकडे घंटी वाजायला लागली. कोणी उचलेना.

तेवढ्यात वळणावर चपलांचा आवाज आला.

बाई पळत होत्या. मोठ्या माणसानं रस्त्यात पळताना जी लाज वाटते ती त्यांना वाटत नव्हती. केस सुटलेले, एका बाहीवर खडूची पूड आणि दुसऱ्या बाहीवर त्या पोराचं रक्त, वाळून तपकिरी झालेलं. मी फोन खाली ठेवला. बाई दारापाशी येऊन थांबल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायला लागल्या.

पोरगी फुलीवर ताठ उभी होती.

"मी जागा सोडली नाही, बाई," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. दिसलं मला, अशी.

"तुम्हाला मावशींनी फोन केला?"

"नाही." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना काहीच कळेना. "कसला फोन?"

"मग कसं आठवलं?"

आता या बाईनं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. एकदम आठवलं म्हणाली असती, काळजात धस्स झालं म्हणाली असती. पोरीनं विश्वास ठेवला असता, मीही ठेवला असता. मी तर मनात म्हणत होते, सांग काहीतरी, खोटं का होईना.

"मला नाही आठवलं," बाई म्हणाल्या. "त्याचं रक्त थांबलं, सगळ्यांना बसवलं आणि मी फळ्यावर लिहायला लागले. ढब्बू बाकावर बसेना. सारखा दाराकडे जाई. दोनदा ओरडले मी त्याला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा कान धरायला गेले, तर म्हणाला, बाई, माझ्या पुढचा ग्रह आला नाही." त्यांनी बाहीनं तोंड पुसलं, रक्ताच्याच बाहीनं. "तेव्हा कळलं. तोवर नाही. मी तीस मोजून आत गेले."

एवढं सगळं बोलून त्या उभ्या राहिल्या, मुलं चूक कबूल केल्यावर उभी राहतात तशा. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला त्या दोघींचीही एकदमच दया आली.

पोरगी विचार करत होती. कपाळाला आठी घालून, अगदी गणित सोडवावं तसा.

"ढब्बू म्हणजे युरेनस," ती म्हणाली.

"हो."

"युरेनस नीट बसत नव्हता, म्हणून."

"हो."

"मग बरोबर आहे. नेपच्यून तसाच सापडतो." तिनं मूठ उघडून वाटाणा बाईंच्या हातावर ठेवला. वाटाण्याचा तिच्या तळव्यावर गोल वळ उठला होता. तिचा खालचा ओठ हलायला लागला होता. तो तिनं दातांत धरला, त्या अर्ध्या आलेल्या दातात. शाळेच्या वेळात रडायचं नाही हाही नियम असणार.

मग तिनं विचारलं, "शाळा सुटली का?"

बाईंनी चटकन तिच्याकडे पाहिलं. शाळा एक वाजता सुटते, हे आमच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही माहीत आहे. वर्गात तीस मुलं एकट्या शिपायाच्या भरवशावर होती. माझ्या डोक्यामागच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते, आणि बाईंना ते माझ्या खांद्यावरून स्वच्छ दिसत होतं.

"सुटली," बाई म्हणाल्या.

पोरीचा विश्वास बसेना. शिस्तीतली पोर, कोणी सांगितलं म्हणून लगेच मानणार थोडीच. ती एका बाजूला झुकली आणि माझ्या डोक्यामागे बघायला लागली.

मी उठले.

मशीनच्या फळीला धरून उठले. गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे मृगाचे तिन्ही तारे चमकले. पण उठले, आणि भिंतीला पाठ लावून घड्याळासमोर उभी राहिले.

"सुटली गं," मी म्हणाले. "कधीच सुटली."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"आई," ती म्हणाली, आणि फुली सोडली.

मग मात्र रडली. अशी रडली की समोरच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. मी त्यांना हातानंच आत जायला सांगितलं. बाई फरशीवरच बसल्या होत्या आणि पोरगी त्यांच्या गळ्यात होती. फ्रॉकची माझी ती चार बोटांची दुमड एका बाजूनं उसवली होती. ती शिवून देते म्हणावं असं मनात आलं, पण ती वेळ नव्हती.

थोड्या वेळानं त्या उठल्या आणि हात धरून निघाल्या, शाळेच्याच दिशेनं. दुसरीकडे कुठं जाणार? फाटकाशी पोचल्यावर पोरीला सगळं कळणार होतं. तिथं फुटबॉल टांगलेला असणार, आतून तिसरीचा आरडाओरडा ऐकू येणार. तिथं बाई पुन्हा बाई होणार होत्या.

पण तिथवर सातशे मीटर होते. त्या दोघींनीच मोजले होते. आणि दोघी फार सावकाश चालत होत्या.

त्या वळणाआड जाईपर्यंत मी घड्याळासमोरून हलले नाही. मध्येच पोरगी मागे वळून बघेल, असं वाटत होतं.